मावशींना काय काय दिलं

३ मार्च, सोमवार

आधी कबुलीच देऊन टाकते. ही वही माझ्याकडे येऊन एकोणीस दिवस झाले आणि आज पहिलं पान उघडतेय. वही दादांनी दिली. दादा म्हणजे मावशींचा मुलगा, दुसऱ्या गावी असतात. "आई काय खाते, काय विसरते, रोजच्या रोज लिहून ठेव," असं बजावून गेले. दर रविवारी फोनवर विचारतात, "लिहितेयस ना?" मी म्हणते, "हो दादा, रोज." तेव्हा वही माझ्या पिशवीत चपलांखाली असते.

एकदा लिहायला बसले होते, तर पेन्सिलचं टोक मोडलं. टोकयंत्र आणायला गेले, तर कोपऱ्यावर एक माणूस उंच शिडीवर चढून चौकातलं घड्याळ दुरुस्त करत होता. ते बघण्यात दुपार गेली. खरं कारण वेगळंच आहे. लिहायचं म्हटलं की मला शाळा आठवते, आणि शाळा आठवली की झोप येते. नववीत मला सगळे 'झोपाळूबाई' म्हणायचे, मास्तरसुद्धा.

मावशींचं वय शहात्तर. शिलाई मशीन दुरुस्त करतात. पुढची खोली म्हणजे दुकान, मागे दोन खोल्या. लोक म्हणतात नवऱ्याचा धंदा चालवतात. मावशी म्हणतात, "तो असतानाही मशीनच्या आत माझेच हात असायचे. त्याचं तोंड फक्त गिऱ्हाइकाशी." जानेवारीत पायरीवरून पडल्या, मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी दादांच्या मनातली भीती निघेना, म्हणून दोन महिन्यांसाठी मी. राहणं-जेवण आणि वर थोडं. पहिल्याच दिवशी मावशींनी मला दारात उभं करून सांगितलं, "मला सोबत नकोय, शांतता हवीय." दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "एका जागी बसत का नाहीस गं? भिंगरी आहेस का?" तेव्हापासून मी भिंगरी.

दादांसाठी: मावशी काही विसरत नाहीत. वीस वर्षांपूर्वी कुठलं मशीन कशासाठी आलं होतं तेही सांगतात. बास.

६ मार्च, गुरुवार

आज मला काम शिकवलं. म्हणजे शिकवलं नाही, मी मध्ये मध्ये करत होते म्हणून बोलल्या. एक मशीन टाके सोडत होतं. मी म्हटलं, उघडून बघू या आत काय झालंय. मावशींनी माझ्या हातावर स्क्रू-ड्रायव्हरची मूठ हलकेच आपटली. "उघडायचं सगळ्यात शेवटी. आधी विचारायचं, बिघडायच्या आधी शेवटचं काय बदललं? बाई दोरा बदलते, सुई बदलते, तेल बदलते आणि मग म्हणते मशीन म्हातारं झालं."

दोन दिवसांपासून त्यांचे हात खाजतात. जुनी मशीनं धुवायला नवं द्रावण आणलंय, त्यानं असेल. कोपरापर्यंत लाल झालंय. सारखं खाजवतात आणि "काही नाही गं" म्हणतात. मग मी माझी पिवळी गोळी दिली. लहानपणापासून माझ्या अंगावर पित्ताच्या गांधी उठतात. आई रोज सकाळी शाळेत जाताना एक द्यायची, पाण्यासोबत, पोळी दिल्यासारखी. आई गेली, गाव सुटलं, मग मी गावोगाव फिरले. बोटीवर तिकिटं फाडली, फुलांच्या कोठारात खोकी भरली, नाटकवाल्यांचे कपडे इस्त्री केले. कुठेही चार महिन्यांच्या वर टिकले नाही ("उशिरा येते", "लक्ष नसतं", एकदा इस्त्रीवरच डुलकी लागली), पण पिशवीत पिवळी पट्टी कायम असते. आईकडून आलेली एवढी एकच वस्तू म्हणा ना.

तासाभरात मावशींची खाज थांबली. म्हणाल्या, "बरी आहे गं तुझी गोळी." मला इतकं बरं वाटलं की मी उगाच दुकानातली कामाची सगळी फळी पुसली. माझ्याकडचं काही कुणाला उपयोगी पडलं असं कधी झालं नव्हतं.

७ मार्च, शुक्रवार

मावशी आज नऊला उठल्या. रोज साडेपाच. सकाळी एक, संध्याकाळी एक दिली. खाज नाही.

१० मार्च, सोमवार

सर्दी. मावशींना, मला नाही. शिंका आणि नाक. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून लाल पातळ औषध आणलं. दुकानात एक चष्मेवाल्या बाई असतात, त्यांनी विचारलं, "आजींना आणखी काही चालू आहे का?" मी म्हटलं, "नाही. एक ब्लडप्रेशरची गोळी तेवढी." पिवळी काय सांगायची, ती काही औषध थोडीच आहे. मीठ-साखर विचारल्यावर कुणी सांगतं का.

मावशींना तहान फार लागतेय. जीभ टाळूला चिकटते म्हणतात. आज एक गंमत झाली, गंमत नव्हती. दोरा ओवायला त्यांनी टोक जिभेला लावलं, तर ओलं होईना. दोनदा, तीनदा. तोंडात थुंकीच नाही. मग सुईचं नेढंही दिसेना. चष्मा काढून पदराला पुसला, परत घातला, लांब धरून बघितला. "चष्म्याची काच गेली," म्हणाल्या. काच चांगली होती. मी ओवून दिला. त्यांनी माझ्याकडे न बघता मशीनला तेल घालायला घेतलं आणि घातलेल्याच जागी पुन्हा घातलं.

१२ मार्च, बुधवार

समोरची शिंपीणवहिनी मशीन घेऊन गेली आणि अर्ध्या तासात परत आली. "मावशी, बॉबीनची डबी उलटी बसवलीत की हो. माझा दोरा खाली गुंता होऊन बसला." मावशी म्हणाल्या, "मी? मी नाही." वहिनी हसत म्हणाली, "मग काय माझ्या सासऱ्यांनी बसवली? ते तर भिंतीवर फोटोत आहेत." मावशी हसल्या नाहीत. वहिनी गेल्यावर बराच वेळ डबी हातात धरून बसल्या. मी जवळ जाऊन उभी राहिले. म्हटलं चहा करते. चहा केला. दोघींनी वेगवेगळ्या खोलीत प्यायला.

या घरात मी आल्यापासून दोन माणसं राहतात, पण एका वेळी एकच असतं असं वाटतं.

१५ मार्च, शनिवार

मधल्या दिवसांत लिहिलं नाही कारण मीच कापसातून चालल्यासारखी होते. गांधी उठल्या होत्या म्हणून दोन-दोन घेतल्या. परवा बस थांब्यावर बसले ती तिथेच झोपले. कंडक्टरनं उठवलं, "ताई, तीन बस गेल्या तुमच्या." माझ्या बस जायच्याच असतात.

मावशी दिवसभर पेंगतात आणि दिवेलागणीला चवताळतात. या खोलीतून त्या खोलीत, कुणीतरी मशीन घ्यायला येणार आहे, येत कसं नाही. वहिनीला सांगितलं. तिनं निळ्या गोळ्यांची पट्टी दिली. "साधी झोपेची आहे, चिठ्ठी लागत नाही. माझी सासू दोन वर्षं घेत होती." दिली. शांत झोपल्या. त्यांच्या पायांवर पांघरूण घालताना वाटलं, माझ्या आईचं हे सगळं मला करायला मिळालं नाही.

१६ मार्च, रविवार

दादांचा फोन. मावशींनी त्यांना विचारलं, "डबा खाल्लास का? मधल्या सुट्टीत कुणाशी भांडलास?" दादा पन्नाशीचे आहेत. त्यांनी फोन माझ्याकडे द्यायला लावला. मग म्हणाले, "कधीपासून?"

मी म्हटलं, "आठ-दहा दिवस."

"मला कळवलं का नाहीस?"

"वहीत लिहितेय दादा." यावेळी ते खरं होतं.

१८ मार्च, मंगळवार

हे लिहायला नको वाटतंय. काल संध्याकाळी मावशी गादीवर बसून हवेतून दोरे ओढत होत्या. चिमटीत धरायच्या, ताण बघायच्या, कात्रीनं कापल्यासारखं करायच्या, परत दुसरा. मी विचारलं, "मावशी, काय करताय?" म्हणाल्या, "ताई, बघ ना किती सुटलेत." मला ताई म्हणाल्या. त्यांची मोठी बहीण वारून चाळीस वर्षं झाली. मी म्हटलं, "हो गं, सुटलेत खरे." आणि मीही दोन दोरे ओढले. चूक होतं का हे, माहीत नाही. त्या इतक्या खूश झाल्या.

आज दादा आले. गाडीतून उतरले तेव्हा हातात कागद होते. वृद्धांचं एक घर आहे त्यांच्या गावाबाहेर, तिथे जागा मिळालीय. रविवार, तीस तारीख, सकाळी अकरा. मावशी त्यांच्याकडे बघत होत्या, ओळख होती आणि नव्हती. दादा कामाच्या फळीपाशी उभे राहून एकेक हत्यार उचलून परत ठेवत होते. "हिला घर सोडावं लागलं तर ती मला कधी माफ करणार नाही," म्हणाले. मग म्हणाले, "पण हल्ली ती कुणाला माफ करायचं तेच विसरते."

तीसनंतर मी कुठे जाणार? विचारावंसं वाटलं. नाही विचारलं. प्रसंग काय, मी काय.

१९ मार्च, बुधवार

पिवळी दोनदा, लाल तीनदा, निळी एकदा. सगळं वेळेवर. निदान एवढं तरी मी नीट करते.

२१ मार्च, शुक्रवार

आज खूप लिहायचंय. घाईत लिहितेय, अक्षराकडे बघू नये.

काल संध्याकाळी मावशींनी काहीही घेतलं नाही. पिवळी थुंकून टाकली, निळी गादीखाली सापडली, लाल औषध माझ्या अंगावर. मी वैतागून नाद सोडला. वाटलं आता रामायण होणार, पण सकाळी उठले तर मावशी फळीपाशी बसलेल्या. थकलेल्या होत्या, पण बसलेल्या. मला बघून म्हणाल्या, "भिंगरे, किती वाजले?" किती दिवसांनी भिंगरे ऐकलं.

मग शिंपीणवहिनी तेच मशीन घेऊन आली. टाके सोडतंय म्हणे, म्हातारं झालं, भंगारात द्यावं. मावशींनी हात पुसले. "बिघडायच्या आधी शेवटचं काय बदललंस?"

"काही नाही."

"आठव."

"सुई बदलली. पण नवीच आहे सुई."

"नवीच आहे ना. उलटी बसवलीस. आणि भंगारात मशीन." मावशींना सुईचा माथा नीट दिसत नव्हता, बोटानं चाचपून त्यांनी सपाट बाजू शोधली. वहिनी ओशाळली. "बरं वाटतंय वाटतं आज," एवढं बोलून गेली.

मला इतका आनंद झाला की कालचा बुडलेला डोस भरून काढायचा म्हणून अकराला पिवळ्या दोन दिल्या आणि लाल औषध दोन चमचे. एकपर्यंत मावशी भिंतीशी बोलत होत्या.

तेव्हा मी वही उघडली. कशाला, ते सांगता येत नाही. त्यांचंच वाक्य डोक्यात वाजत होतं. शेवटचं काय बदललं. मागे मागे गेले. सोळाला फोन, पंधराला निळी. बाराला बॉबीन, दहाला लाल. दहालाच ती कोरडी जीभ, सातला नऊला उठल्या, सहाला पिवळी. सहाच्या आधी: 'काही विसरत नाहीत. बास.' माझंच अक्षर.

तिन्ही पट्ट्या-बाटल्या घेऊन दुकानात गेले. चष्मेवाल्या बाईंनी ओळीनं मांडल्या आणि मागच्या बाजूचं बारीक अक्षर वाचायला लावलं. मी म्हटलं, मला वाचायचा कंटाळा आहे. "आज वाच," म्हणाल्या. तिन्हींवर वेगवेगळी नावं आणि आतलं औषध एकाच कुळातलं. लाल आणि निळीत तर आतल्या औषधाचं नावसुद्धा तेच.

मग त्यांनी सांगितलं. मला समजलं तसं लिहिते. आपल्या अंगातच एक रसायन असतं, हिस्टामिन म्हणतात. अंगाला काही सोसलं नाही की ते सुटतं आणि त्याच्या ठरलेल्या जागांवर जाऊन बसतं. बसलं की खाज, गांधी, नाक गळणं. ही गोळी काय करते, तर बसमध्ये आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना, तशी त्याच्या आधी जाऊन जागा धरते. हिस्टामिन येतं, जागा नाही, उभं राहतं. खाज थांबते.

"मग चांगलंच आहे की," मी म्हटलं.

"पुढे ऐक. तेच हिस्टामिन मेंदूत माणसाला जागं ठेवायचं काम करतं. या जुन्या गोळ्या मेंदूतही शिरतात. तिथेही रुमाल टाकतात. म्हणून गुंगी. ती निळी वेगळी झोपेची नाही, तीच ही गुंगी, दुसऱ्या कागदात गुंडाळलेली. आणि या गोळ्या रुमाल टाकताना बघत नाहीत जागा कुणाची आहे. दुसरं एक रसायन असतं, थुंकी सुटायला, जवळचं दिसायला, लघवीची पिशवी आवळायला, आठवण ठेवायला. त्याच्याही जागा या अडवतात. तरुण माणूस निभावून नेतो. शहात्तरीच्या अंगातून औषध बाहेर पडायलाच वेळ लागतो, तोवर दुसरा डोस येतो. आणि तू तर तीन बाजूंनी देत होतीस."

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. तिथल्या पंख्याचा आवाज फार मोठा आहे.

"त्यांना वेड नाही लागलेलं?" मी विचारलं.

"ते डॉक्टर सांगतील, मी नाही. आजच सांग, डॉक्टरांना आणि मुलाला. लघवी नीट होतेय का?"

"होतेय," मी म्हटलं. मला माहीत नव्हतं. मी बघितलंच नव्हतं.

"अडली तर थांबायचं नाही, थेट दवाखाना. आणि त्या दिवशी मी विचारलं तेव्हा पिवळी सांगितली असतीस तर," एवढं बोलून त्या थांबल्या आणि झाकण घट्ट लावत बसल्या.

मी घरी आले. फोन हातात घेतला. ठेवला. सरळ हिशोब आहे, आजपासून काही द्यायचं नाही. दोन-चार दिवसांत मावशी ताळ्यावर येतील, दादा कागद फाडतील, मी इथेच राहीन. कुणाला काही कळायची गरज नाही. सांगितलं तर मला हाकलतील हे नक्की. न सांगता बरं झालं तर सांगायचं कशाला? असं मी तीनदा स्वतःला विचारलं आणि तिन्ही वेळा उत्तर आवडलं.

संध्याकाळी काही दिलं नाही. फोनही केला नाही.

२२ मार्च, शनिवार

काल दुपारपासून मावशींना लघवीच झाली नव्हती. सकाळी ओटीपोट दगडासारखं. "जायचंय गं, होत नाही," म्हणत रडत होत्या. मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं. वहिनीच्या नवऱ्यानं गाडी काढली. दवाखान्यात नळी घातली, किती निघालं ते बघून परिचारिका माझ्याकडे बघतच राहिली.

दादा गावाहून बाराला पोहोचले. डॉक्टरांनी विचारलं, "काय काय दिलं होतं यांना?" दादा म्हणाले, "ब्लडप्रेशरची एक गोळी. बाकी काही नाही. हल्ली डोकं चालत नाही तिचं, आम्ही तीसला हलवतोय." डॉक्टर लिहायला लागले.

मी खोलीच्या दाराशी होते. तिथून निघून जाता आलं असतं, मी अशी कितीतरी दारांतून निघून गेलेय. पण ते लिहीत होते ना. चुकीचं लिहीत होते.

मी पिशवीतून वही काढली आणि वाचून दाखवली. तारखेवार. सहाची पिवळी, दहाची लाल, पंधराची निळी, काल अकराच्या दोन पिवळ्या. आवाज मोठा निघत नव्हता, डॉक्टर दोनदा म्हणाले "पुन्हा सांगा". बाकीचं, आईबद्दलचं, दोऱ्यांचं, ते गाळलं. काल दुकानातल्या बाईंनी सांगितलं तेही गाळलं. म्हटलं, मला आज सकाळी संशय आला.

डॉक्टरांनी पहिलं लिहिलेलं खोडलं. "हे आधी उतरू दे अंगातून. मग बघू डोकं चालतं की नाही," म्हणाले.

दादा मला बाहेर घेऊन गेले. ओरडतील असं वाटलं होतं. "तू माझ्या आईला," एवढंच म्हणाले. मग हळू आवाजात, "सामान घे. किल्ली वहिनीकडे दे. आम्ही घरी यायच्या आत जा."

सामान म्हणजे ही पिशवी. औषधाच्या दुकानात जाऊन सांगितलं की स्टँडमागच्या बायकांच्या वसतिगृहात असेन, डॉक्टरांना काही विचारायचं असलं तर. बाईंनी पत्ता लिहून घेतला. पिवळी पट्टी मी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी एक पांढरी दिली, नव्या तऱ्हेची, मेंदूत फारशी शिरत नाही म्हणे.

२४ मार्च, सोमवार

सहा खाटा. पाचजणींच्या पाळ्या वेगवेगळ्या, कुणीतरी कायम झोपलेलं, म्हणून कुणीच बोलत नाही. पाचही जणींच्या चपलांवरून मी ओळख करून घेतलीय. निळ्या पट्ट्याची एक आहे, ती चपला नेहमी सरळ लावते. तिच्याशी बोलावंसं वाटतं.

दादांना फोन केला. उचलला नाही. वहिनीला केला. "मला बोलू नको म्हणून सांगितलंय गं," म्हणाली आणि फोन न ठेवता मशीन चालवायला लागली.

२६ मार्च, बुधवार

एक विचित्र. मला झोप येत नाही. म्हणजे रात्री येते, दिवसा येत नाही. पांढरी गोळी घेऊन चार दिवस झाले, गांधी गेल्या पण गुंगी नाही, म्हणजे कमी प्रतीची असणार. आज अख्खं वर्तमानपत्र वाचलं, अग्रलेखासकट, आणि शेवटी पोहोचले तरी सुरुवात आठवत होती. असं शाळेत कधी झालं नाही. दुःखानं झोप उडते म्हणतात ते हेच असेल.

समोरच्या इमारतीला एकशे आठ खिडक्या आहेत. मोजताना एकदाही चुकले नाही.

औषधाच्या दुकानात गेले होते. बाई म्हणाल्या, "दुसऱ्याच्या तब्येतीचं मी सांगत नसते." बरोबर आहे. पण त्यांचा चेहरा वाईट नव्हता. की मीच तसं वाचलं?

२८ मार्च, शुक्रवार

एका बागेत कलमं बांधायचं काम आहे, सात तासांच्या अंतरावर. सोमवारी बोलावलंय. रविवार संध्याकाळच्या बसचं तिकीट काढलं. काढून आल्यावर वाटलं, नेहमीसारखं झालं.

डॉक्टर म्हणाले होते उतरू दे. समजा उतरलं आणि तरी मावशी तशाच राहिल्या, तर मी त्यांचे शेवटचे चांगले दिवस खाल्ले. समजा बऱ्या झाल्या, तरी ते मला कोण सांगणार? मी तर कुणाचीच कुणी नाही. वहीतला शुक्रवार आणि शनिवार मी रोज वाचते. शनिवार बरा वाटतो. शुक्रवार वाचवत नाही.

३० मार्च, रविवार

सकाळी अकराला मी खाटेवर बसून होते. गाडी आली असेल. दादांनी कुलूप लावलं असेल. मावशी गाडीत कुठल्या बाजूला बसल्या असतील? त्यांना खिडकी लागते. फळीवरची हत्यारं कुणी आवरली असतील, त्यांच्या जागा वहिनीला माहीत नाहीत, मला माहीत आहेत.

दोन वाजता पिशवी भरली. निळ्या पट्ट्याची आज जागी होती. म्हणाली, "चाललात का? बोललोच नाही आपण." मी म्हटलं, "हो ना." तिनं मला अर्धं सफरचंद दिलं. खाऊन झालं.

आता चार वाजलेत आणि वॉर्डनबाई आत्ताच येऊन गेल्या. त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहून मग खाली जाते, कारण पाय जिन्यापर्यंत नेण्याआधी मला थोडा वेळ हवाय.

म्हणाल्या, "भिंगरी कोण तुमच्यात? खाली एक म्हातारी आलीय. एकटी. दोन बस बदलून आली म्हणते. औषधाच्या दुकानातून पत्ता घेतला."

मी विचारलं, "मुलगा आहे बरोबर?"

"मी पण तेच विचारलं. तर म्हणाली, त्याला विचारून यायला मी काय शाळेत आहे? बस म्हटलं, बसत नाही. पाणी दिलं, पीत नाही. रागावलीय फार."

"काय म्हणतात?"

"तुम्हाला निरोप दिलाय. वर जाऊन विचार म्हणाली, शुक्रवारी दुपारी दुकानात तुला सगळं कळलं होतं, मग शनिवारी माझं पोट फुगेपर्यंत तू काय करत होतीस? आणि उत्तर तिनं खाली येऊन द्यावं, जिन्यावरून ओरडून नाही, म्हणाली. आता तुमचं काय आहे ते तुम्ही बघा, पण माझ्या दारात उन्हात म्हाताऱ्या माणसाला उभं ठेवू नका."

हा एक दिवस मी डॉक्टरांपासून लपवला, दादांपासून लपवला, आणि पत्ता विचारायला दुकानात जाऊन शोधून काढला तो त्यांनीच, आणि वार चुकला नाही. मी खाली जातेय.